ओल्या केसांनी

जयसिंगरावांचं बोट 'ओल्या' या शब्दाखाली थांबलं आणि तिथंच राहिलं. त्यांची वाचायची रीत अशी, की ओळीखाली तर्जनी धरायची, एकेक शब्द ओठांत जुळवायचा, आणि तो नीट बसला म्हणजे बोट पुढं सरकवायचं, कापडावर धावदोरा घालत जावं तसं. पन्नाशी उलटल्यावर अक्षरं शिकलेल्या माणसाला दुसरी रीत कुठून येणार! सकाळपासून अशी बरीच पानं झाली होती आणि सगळं ओळखीचं होतं. दंडूतलं, म्हणजे कॅन्टोन्मेंटातलं, दुकान, दुकानाचा गोरा म्हातारा मालक, काचेच्या कपाटातले मेजर-कर्नलांचे कोट, कोळशाच्या इस्त्र्या. आणि मधेच, शिवणीत राहून गेलेली सुई बोटाला लागावी तसं हे वाक्य आलं. 'त्या दिवसांत मी पुष्कळदा ओल्या केसांनी घरी येत असे.' त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून जुळवलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि तिसऱ्यांदा जुळवलं. वाक्य खरं होतं. फक्त ते त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

पुस्तकाची कल्पना मुलाची, मल्हाररावाची. तो विमानाच्या कारखान्यात फोरमन झाला होता, हेब्बाळच्या तळ्यापलीकडं जागा घेऊन बसला होता, आणि समाजाचं नवं सभागृह उघडायच्या दिवशी वडिलांचं आत्मचरित्र छापून वाटायचं त्याच्या मनानं घेतलं होतं. शिंप्याचा मुलगा म्हणवून घ्यायला तो पूर्वी लाजत असे. आता दिवस पालटले होते, गोरे साहेब जाऊन त्यांचे कोट बेतणाऱ्याला किंमत आली होती. लिहायला त्यानं उपेंद्राला आणलं. हा उपेंद्र बेळगावकडचा, टेलिफोनच्या कारखान्यात कारकून, मासिकांतून त्याच्या गोष्टी येत. तो दर शनिवारी दुपारी कॉटनपेठेतल्या घरी यायचा, भिंतीला टेकून मांडीवर पाट घ्यायचा आणि म्हणायचा, "मास्टर, तुम्ही फक्त बोला. लिहायचं माझ्यावर सोपवा. पुस्तकावर नाव तुमचंच." पहिल्या दिवशी जयसिंगरावांनी विचारलं होतं, "आणि तुझं नाव कुठं?" तो हसून म्हणाला होता, "कुठंच नाही. कोटाच्या आतला कॅनव्हास समजा मला. कोट उभा राहतो त्याच्यावर, पण दिसत नाही." उत्तर त्यांना आवडलं होतं. पण तो गेल्यावर त्यांच्या मनात आलं की कॅनव्हास दिसत नसला तरी छाती कुठं फुगवायची आणि कुठं दाबायची ते तोच ठरवतो. त्या दिवसापासून ते थोडं जपून बोलायला लागले होते.

आणि जपूनही हे झालं. त्यांना सगळ्यात चमत्कारिक वाटत होता तो त्या वाक्यातला 'मी'. पानभर तो 'मी' त्यांच्यासारखा चालत होता, त्यांच्यासारखा बोलत होता, जरा जास्तच शुद्ध बोलत होता एवढंच. लोकांसमोर जाताना माणूस धुतलेला सदरा घालतो तसं म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं होतं. पण आता त्या 'मी'ला असं काही ठाऊक होतं जे त्याला सांगितलेलं नव्हतं. आपल्याच घराच्या किल्ल्या घेऊन कुणी परका आत फिरतोय, आणि आपण ओसरीवर बसून त्याच्या पावलांचा आवाज ऐकतोय, असं काहीसं. याला कुणी सांगितलं? त्यांनी माणसं आठवायला सुरुवात केली, आणि आठवताना प्रत्येकाकडं वाकड्या डोळ्यानं बघितलं. अरुळप्पा? तो शवपेट्या करणारा तमिळ ख्रिस्ती माणूस कधीच गेला होता, आणि असता तरी अंघोळीचं त्याला काय माहीत? तो आपला हात धुऊन जेवायला बसायचा. मळेवाली गंगव्वा? तीही स्वातंत्र्य यायच्या आधीच गेली. दुकानातले शिंपी पांगले, मेले. मग राहिलं कोण?

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दुकान दंडूत. तिथं एखादा गोरा मेला की उन्हाळ्याच्या दिवसांत दुसऱ्या दिवशी मूठमाती. मेलेल्याचा जुना कोट आजारपणानं सैल झालेला, नाहीतर अंग फुगून घट्ट झालेला. बायकोची इच्छा की नवरा नव्या कोटात जावा. अरुळप्पा दुकानाच्या मागच्या दारानं यायचा, पुढच्या दारानं यायची त्याला बंदी होती, आणि खालच्या आवाजात म्हणायचा, "मास्टर, एक साहेब निघाला." निघाला म्हणायचा, बोटीवर चढायला निघाल्यासारखं. बाकीचे शिंपी आपापल्या सुईकडं बघत बसायचे. जयसिंगराव तेव्हा सगळ्यांत नवे, म्हणून पहिल्यांदा ते काम त्यांच्याकडं आलं, आणि पहिल्यांदा आलं म्हणून मग कायमचं राहिलं. मेल्याचा कोट वेगळा असतो. त्याला पाठ नसते; पुढचे दोन भाग आणि बाह्या, मागं नाड्या. अस्तर नाही, खिसा नाही, पुढं कधी उसवून मोठा करायला शिवणीत माया सोडायची नाही. टाके लांब घालायचे आणि दोऱ्याच्या शेवटी गाठ मारायची नाही. एवढ्यावर भागलं असतं तर भागलं असतं, पण मालकाचा हट्ट की गळपट्टी नीट बसली पाहिजे, दुकानाचं नाव आहे. म्हणजे अरुळप्पाच्या गाडीत बसून त्या घरी जायचं आणि थंड पडलेल्या मानेखाली हात घालून ती बसवायची. त्या मानेचं वजन निराळं असतं. जिवंत माणसाची मान तुम्ही उचलली की ती आपणही थोडी उचलली जाते; ही नुसती हातात येते.

आणि घरी आई. आईच्या वरताण तानूबाई, निपाणीकडची, पोथी वाचणारी सून. मढ्याला शिवून आलेला माणूस दारात उभा करायचा, त्याच्या पायांवर पाणी, मग मागच्या दारी अंघोळ, मग आत, अशी त्या घराची रीत. कुणाच्या मयतीला गेलं की सगळ्यांनाच हे करावं लागतं, त्यात लाज नाही. पण आपला मुलगा रोजगारासाठी परक्या, परधर्माच्या मढ्यांना अंगडं चढवतो हे आईला कळलं असतं तर तिनं चूल विझवली असती, मडकी फोडली असती, आणि "उद्यापासनं त्या दुकानाची पायरी चढायची नाही" म्हणून बसली असती. म्हणून ते वाटेतच अंघोळ करून यायचे. दंडू आणि पेठ यांच्यामध्ये तेव्हा संपंगीचं तळं होतं, आटत आलेलं, आणि त्याच्या कडेनं तिगळ माळी लोकांचे फुलांचे मळे होते. त्यांतल्या एका मळ्यात गंगव्वाची विहीर होती. गंगव्वा विधवा, वयानं त्यांच्याएवढीच असेल. पेठेतल्या देवळांना शेवंती द्यायची आणि अरुळप्पालाही शवपेटीवरच्या पुष्पचक्रांसाठी पांढरी फुलं द्यायची. जयसिंगरावांना तिनं अरुळप्पाच्या गाडीत बघितलेलं होतं. तिला सांगायची गरज पडली नाही, आणि तिनं विचारलंही नाही. ते कुंपणाशी आले की ती दोर आणि बादली काठावर काढून ठेवायची आणि वाफ्यांत निघून जायची. डोक्यावरून पाणी घ्यायचं, धोतर पिळायचं आणि घरी. आई विचारायची, "केस का ओले?" ते म्हणायचे, "इस्त्र्यांचा कोळसा. डोकं तापतं." तानूबाई काहीच विचारायची नाही. पंचा द्यायची.

पंचा द्यायची! जयसिंगरावांनी बोट उचललं. आतून जात्याचा आवाज येत होता तो थांबलेला त्यांच्या लक्षात आलं. कधी थांबला?

"संपलं का वाचून?" तानूबाईनं स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"स्वल्प राहिलंय."

"अडलं कुठं?"

अडलं तर विचारा, असं ती नेहमीच म्हणायची. तिनंच शिकवलं होतं त्यांना, डोळे बारीक कामाला नकार द्यायला लागले आणि दुकान सुटलं त्या वर्षी, पाटीवर मोठी मोठी अक्षरं काढून. "चार भाषा बोलता आणि एकीचं 'क' येत नाही, शोभतं का?" म्हणून. तिनं दिलेल्या अक्षरांनीच त्यांनी हे वाक्य वाचलं होतं. आज तिच्या 'अडलं कुठं'मध्ये त्यांना निराळाच सूर ऐकू आला, जाळं लावून बसलेल्या माणसानं दोरी हलते का बघावी तसा. "काही नाही अडलं," ते मोठ्यानं म्हणाले आणि पान उलटलं. पुढचं पान त्यांनी वाचलं नाही, नुसतं बोट फिरवलं.

त्या आठवड्यात घर त्यांना परकं वाटायला लागलं. तिनं कॉफीचा पेला ठेवला तर तो रोजच्यापेक्षा लांब ठेवलाय असं वाटायचं. ती पोथी वाचताना एखाद्या ओवीवर थांबली तर ती आपल्याला ऐकवायला थांबली असं वाटायचं. चाळीस-एक वर्षं जी बाई आपल्या डोळ्यांपुढं वावरली, तिच्याकडं आपण नीट बघितलंच नाही. गिऱ्हाइकाकडं आपण जास्त बघितलं, कुणाचा डावा खांदा उतरता आहे ते आपल्याला एका नजरेत कळायचं, आणि ही मात्र सबंधच अंधारात राहिली. शनिवारी जेवण झाल्यावर ते तपकीर आणतो म्हणून बाहेर पडले आणि समोरच्या तसबिरी मढवणाऱ्याच्या दुकानात बाकावर बसले, देवांच्या तसबिरींआडून स्वतःच्या दाराकडं बघत. आपल्याच घरावर पाळत ठेवायला या वयात बसायचं! उपेंद्र नेहमीपेक्षा लवकर आला. त्यानं कडी वाजवायच्या आत तानूबाईनं दार उघडलं. हे त्यांनी बघितलं. थोडा वेळ त्यांनी जाऊ दिला, मग उठले आणि पाय न वाजवता आत शिरले.

तानूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. उपेंद्राच्या हातात पेन होतं, पण त्याचं टोपण लावलेलं होतं. तो लिहीत नव्हता, ऐकत होता.

"या की," ती म्हणाली, "तुमच्या मागं तुमचीच गोष्ट चाललीय."

"काय चाललीय?"

"लाटसाहेबांचे कोट शिवले, पण स्वतःच्या सदऱ्याचं बटण तुटलं तर बायकोला हाक मारत होते. तेवढं लिही म्हटलं याला."

उपेंद्र हसला. तीही हसली. दोघं एकाच वेळी हसले आणि एकाच वेळी थांबले, ते जयसिंगरावांना खटकलं. "चल," ते उपेंद्राला म्हणाले, "आज बाहेर कॉफी घेऊ."

"घरात काय विष हाय कॉफीत?" तानूबाई म्हणाली. पण ती उठली नाही.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यांनी एका कॉफीचे दोन भाग मागवले. उपेंद्र पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात कॉफी ओतत बसला. जयसिंगरावांनी आडपडदा ठेवला नाही. "ते केसांचं तुला कुणी सांगितलं?"

"कुठलं, मास्टर?"

"वेड पांघरू नकोस. ओल्या केसांचं."

उपेंद्रानं वाटी खाली ठेवली. "काकूंनी. तुम्ही देवनहळ्ळीला लग्नाला गेला होता त्या शनिवारी."

"आणि तू लिहिलंस. मला न विचारता, माझ्या तोंडी."

"आणखीही काही सांगितलं त्यांनी. ते नाही लिहिलं."

"ते आता सांग."

तो चुळबुळला. बाजूच्या टेबलावर कुणीतरी घोड्यांच्या शर्यतीवरून वाद घालत होतं. तो वाद संपायची वाट बघितल्यासारखा तो बसला. मग म्हणाला, "काकू म्हणाल्या, तू लिहिणारा आहेस, लोकांच्या पोटातलं काढून घेतोस, तर माझं एवढं एक काम कर. हे भिजून यायचे ते कुणाच्या घरनं, तेवढं विचार. बाईकडनं आलेला माणूस अंघोळ करून येतो, एवढं मला कळत होतं. आता राग नाही म्हणाल्या. मरायच्या आधी एकदा यांच्या तोंडून ऐकायचंय म्हणाल्या." त्यानं वाटी उचलली. "तुम्हाला समोरासमोर कसं विचारू? म्हणून ते वाक्य टाकून बघितलं. म्हटलं, टोचलं तर मास्टर आपणच बोलतील."

"सुई तू खुपसलीस, आणि दुखतं का म्हणून मलाच विचारतोस!"

"चुकलं माझं."

पण जयसिंगराव हसायला लागले होते. आधी नाकातून, मग छातीतून, इतके की शर्यतीचा वाद घालणारे वळून बघायला लागले. बाई! तीस वर्षं ही बया समजते आहे की मी एखाद्या बाईकडं जात होतो! आणि मी काय समजत होतो? मी समजत होतो की हिला कोळसा पटला! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मनावरचा धोंडा सरकल्यासारखं झालं. एवढंच ना? घरी जायचं आणि एक वाक्य बोलायचं. अगं खुळे, बाई नव्हती, मढी होती. ती थू थू करील, दोन दिवस घर धुईल, आणि मग हसेल. त्यांनी उपेंद्राच्या पाठीवर थाप मारली आणि उठले.

पण पाय घराकडं वळले नाहीत. ते दंडूच्या दिशेनं चालत राहिले, जुन्या वाटेनं, आणि हसणं वाटेत कुठंतरी गळून पडलं. संपंगीचं तळं आता नव्हतं. तिथं मोठं मैदान झालं होतं, सिमेंटच्या पायऱ्या, लाउडस्पीकरचे खांब. मळे कुठून कुठवर होते हे त्यांना ठरवता येईना. ते एका पायरीवर बसले, आणि जे वाक्य त्यांनी मघाशी इतक्या सहज जुळवलं होतं त्याची पुढची ओळ त्यांच्या समोर आली. बाई नव्हती, मढी होती, एवढं सांगितलं की तानूबाई गप्प बसणार नव्हती. ती विसरणारी बाई नव्हे. ती मनाशी मागं मागं जाईल, एकेक दिवस चाचपील, आणि त्या दिवसापाशी येऊन थांबेल.

तो चैत्रातला दिवस होता. त्या दिवशी अरुळप्पा म्हणाला नव्हता की साहेब निघाला. तो दारात नुसता उभा राहिला आणि हातानं उंची दाखवली, कमरेच्याही खाली. मेमसाहेबाची मुलगी. घशाच्या रोगानं गेली होती. पांढरा फ्रॉक शिवायचा होता. त्या वेळी त्यांची लेक राजलक्ष्मी, राजी, तेवढीच होती. माप घ्यायला जावंच लागलं नाही, त्यांनी राजीच्याच मापानं बेतला. फ्रॉक घालताना त्या मुलीच्या गळ्याला गुंडाळलेलं फडकं त्यांच्या बोटांना लागलं, ओलसर होतं. परत येताना ते नेहमीसारखे विहिरीकडं गेले तर मळ्यात सगळीकडं माणसं. तिगळांच्या करग उत्सवाचे दिवस. तळ्याकाठी त्यांची देवी, त्यांचे सोवळ्यातले लोक, धूप, वाजंत्री. मढ्याला शिवलेल्या माणसानं त्या विहिरीच्या जवळपास जाणं म्हणजे त्यांच्या देवीला विटाळ. गंगव्वानं लांबूनच बघितलं आणि मान हलवली, आज नको. ते तसेच घरी गेले. म्हटलं, मागच्या दारानं शिरू, न्हाणीत जाऊ. पण राजी बोळात खेळत होती. ती धावत आली आणि तिनं त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारली. आता लेक धावत आल्यावर बाप काय करतो? त्यांनी तिला उचललं. पुढचा आठवडा उलटायच्या आत तिचा घसा सुजला आणि ती गेली. डॉक्टर म्हणाला, पेठेत सगळीकडं साथ आहे, प्रत्येक गल्लीत एक-दोन पोरं गेलीत. असेल. खरंही असेल. डॉक्टरचं ते बोलणं त्यांनी इतकी वर्षं देवाच्या अंगाऱ्यासारखं जवळ बाळगलं होतं. पण ते ओलसर फडकं त्यांच्या बोटांना अजून लागत होतं. हे त्यांनी जन्मात एकाच माणसाला सांगितलं होतं. राजीला जाऊन काही दिवस झाल्यावर ते एकदा मळ्यात गेले आणि विहिरीच्या काठावर बसून गंगव्वाला सगळं बोलले. ती वाफ्यात उभी राहून ऐकत होती. तिनं पाणी काढून दिलं, एवढंच. त्यानंतर मेल्याचा कोट शिवायला त्यांनी नकार दिला, आणि ओल्या केसांनी घरी येणं संपलं.

म्हणजे असं होतं. तानूबाईपुढं ठेवायला त्यांच्याकडं दोनच कपडे होते. एक, नवरा बाईकडं जात होता. हा ती तीस वर्षं अंगावर घालून फिरली होती. तो तिला काचत असेल, पण अंगाला बसला होता. दुसरा, नवऱ्यानं घरात मरण आणलं, तिच्या पोरीच्या अंगाला लावलं, आणि तोंड मिटून बसला. हा खरा होता. खरा होता की नव्हता हे सुद्धा धड कुणाला सांगता आलं नसतं, पण एकदा तिच्या अंगावर चढला की तो तिच्या चितेवरच उतरला असता. खरं सांगून आपण मोकळे होऊ, आणि ती? जयसिंगराव बसून राहिले. शिपायानं येऊन फाटक बंद करायचंय म्हणून सांगितलं तेव्हा उठले.

घरी आले तेव्हा देवापाशी दिवा लागला होता आणि तानूबाई वाती वळत बसली होती. कापसाचा पुंजका मांडीवर, बोटांना दुधाचा हात.

"लांब गेला होता?"

"संपंगीकडं."

तिची बोटं थांबली आणि पुन्हा चालू झाली. "तिथं आता काय हाय?"

"काही नाही. मैदान." ते भिंतीला टेकून बसले. "उपेंद्रानं सांगितलं मला."

"सांगणारच. त्याच्यासाठीच तर त्याला सांगितलं."

"तू मला विचारायचंस."

"विचारून काय कळलं असतं? कोळशानं डोकं तापतं!" तिनं त्यांच्या तरुणपणाच्या आवाजाची नक्कल केली, आणि ती इतकी हुबेहूब होती की ते चपापले. किती वर्षं ही तो आवाज जपून बसली होती? "आता सांगा की. मी काय आता माहेरी जाणार हाय होय? माहेरी कोण उरलंय?"

बोलायच्या आधी त्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता होता. कधीपासून, ते त्यांना माहीत नव्हतं.

"होती," ते म्हणाले.

शब्द किती सोपा निघाला! जन्मभर तोंडात तयार असल्यासारखा. आणि तो बाहेर पडल्याबरोबर त्यांना गंगव्वा दिसली, वाफ्यात पाठमोरी. जिला त्यांनी कधी बोटही लावलं नव्हतं. लावावंसं वाटलं होतं का? दोर घेताना एकदा तिच्या हाताकडं बघितलं होतं, ते काय होतं? मेलेल्या बाईच्या अंगावर आपण आता काय चढवलं, पाठ नसलेलं, मागून उघडं!

"माळीण?" तानूबाईनं विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पाहिजे? तुमच्या ओल्या धोतराला शेवंतीच्या पाकळ्या असायच्या. एकदा गेले होते मी मळ्यात. फुलं घ्यायचं निमित्त करून."

"कधी?"

"झाली की वर्षं."

"काय म्हणाली ती?"

"काय म्हणायची? ओटीत फुलं घातली. बसवून घेतलं. बराच वेळ बसले होते मी." तानूबाईनं वात उजेडात धरून बघितली. "चांगली बाई होती."

बराच वेळ. बराच वेळ दोन बायका काय बोलल्या? गंगव्वाला सगळं ठाऊक होतं, अरुळप्पाची गाडी, पांढरा फ्रॉक, ते ओलसर फडकं. दारात आलेल्या बायकोनं तोंडावर आरोप केला असता तर ती गप्प बसली असती का? आपल्यावरचा आळ तिनं मुकाट घेतला असता का? आणि तिनं सांगितलं असेल, तर मग समोर बसलेली ही बाई तीस वर्षं काय विचारत नव्हती, आणि आता काय विचारतेय? आपल्यापुढं 'बाई'चा कपडा हिनंच टाकला. घालायचा तर घाला, म्हणून. जयसिंगराव पुढं सरकले. "आणखी काही म्हणाली नाही ती?"

"तुम्ही 'होती' म्हणालात न्हवं? मग तिनं काय सांगितलं ते कशाला उकरायचं?"

"तानू—"

"लिहू दे त्याला," ती म्हणाली. "बाई होती म्हणून लिहू दे. मल्हारी चिडंल, म्हणंल, सभागृहात वाटायच्या पुस्तकात हे काय. चिडू दे. बापाचं आयुष्य हाय, त्याचं न्हाई." तिनं दोन वाती जोडीनं ठेवल्या, तिसरी वळायला घेतली, आणि मान वर न करता म्हणाली, "राजीचं तेवढं नको लिहू म्हणावं."

राजीचं नाव जयसिंगरावांनी काढलं नव्हतं. आता नाही, उपेंद्राजवळ नाही, कुणाजवळच नाही. सगळ्या पानांत मिळून तिच्यावर एकच ओळ होती, एक मुलगी लहानपणी वारली, एवढीच. ती ओळ काढून टाक असं आईला वाटणं साहजिकच होतं, कुठल्याही आईला वाटलं असतं. तेवढंच असेल. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. दिव्याकडं वाकलेला होता, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं, आणि असतं तरी ती अक्षरं त्यांना अजून यायची होती. बोटं सावकाश कापूस ओढत होती, पीळ देत होती.

"सरी, बरं," ते म्हणाले. "नको लिहू म्हणतो."

कुठलं राजीचं, हे त्यांनी विचारलं नाही.